पाच माणसं, एक डफ आणि झील धरणारा महाराष्ट्र

१९४३ साल. व्होल्गा नदीच्या काठी स्टालिनग्राडची लढाई नुकतीच संपलेली. जगाच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण लढायांपैकी ही एक. आणि इकडे मुंबईत, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, २२-२३ वर्षांचा एक तरुण त्या लढाईवर पोवाडा रचत होता. त्यानं रशिया पाहिलेला नव्हता. शाळा पाहिली होती ती जेमतेम दीड दिवस. वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावातून वडिलांबरोबर पायी चालत तो मुंबईला आला होता आणि मिळेल ते काम करत जगत होता. पोवाडा तयार झाला, कामगार वस्त्यांमध्ये गाजला आणि पुढे चक्क रशियन भाषेत गेला!

हा तरुण म्हणजे अण्णा भाऊ साठे. त्यांच्या प्रतिभेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र आज वेगळंच कोडं तुमच्यासमोर ठेवायचं आहे. एवढ्या लांबच्या लढाईची गोष्ट साच्यावर बारा-बारा तास राबून आलेल्या माणसाला ऐकावीशी का वाटली? जिथे ना ध्वनिक्षेपकाची खात्री, ना विजेची, तिथे ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचली कशी? आणि ऐकून घरी गेल्यावर त्याच्या डोक्यात टिकली कशी?

आधी त्या काळाचा एक आकडा लक्षात घ्या. १९५१ च्या जनगणनेत भारतातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे शंभरातल्या ऐंशीहून जास्त माणसांना अक्षर लागत नव्हतं. वर्तमानपत्रं होती, मासिकं होती, कवितासंग्रह निघत होते, पण या ऐंशी जणांसाठी ते सगळे छापील कागद सारखेच मुके होते. त्यांच्यापर्यंत साहित्य न्यायचं तर ते माणसाच्या तोंडून, भर मैदानात आणि वाजतगाजतच न्यावं लागणार होतं.

१९४४ मध्ये तिघांनी मिळून नेमकं तेच करायचं ठरवलं. एक अण्णा भाऊ. दुसरे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, ज्यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. तिसरे शाहीर द. ना. गवाणकर. तिघेही कम्युनिस्ट चळवळीतले. त्यांनी पथक उभं केलं आणि त्याला नाव दिलं ‘लाल बावटा कलापथक’. कवी, गायक, नट, वादक सगळे एकाच फळीत. गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात, गावच्या पारावर, शेतकऱ्यांच्या परिषदेत, जिथे माणसं जमतील तिथे यांचा रंगमंच.

आता या यंत्राचे भाग एकेक करून सुटे करू या. कारण हे खरोखरच एक यंत्र आहे, आणि त्याचा प्रत्येक भाग थक्क करणारा आहे.

पहिला भाग, वाद्यं. डफ म्हणजे एक गोल कडं आणि त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं. बस्स. बोटांची थाप पडली की त्यातून असा टणत्कार निघतो की गलका चिरत तो थेट कानात शिरतो. पावसाळी हवेत कातडं सैल पडलं तर जाळावर धरून शेकायचं, की पुन्हा ताणलं जातं. तुणतुणं त्याहून साधं. एक पोकळ नळकांडं, त्याच्या तळाला कातडं, कातड्यातून वर निघालेली एकच तार आणि ती ताणून धरणारी बाजूची काठी. एकच तार, एकच सूर. पण तो एकटा सूर दोन कामं करतो. शाहिराचा आवाज कितीही उंच गेला तरी परत कुठे उतरायचं ते सांगतो, आणि त्याच वेळी ठेकाही धरतो. जोडीला ढोलकी आणि मंजिरी. हे सगळं एका माणसाच्या खांद्यावर मावतं. रेल्वेच्या डब्यात चढतं. पोलीस आले तर दोन मिनिटांत आवरता येतं!

दुसरा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. तो म्हणजे झील.

पोवाड्यात मुख्य शाहीर ओळ गातो आणि ओळीच्या शेवटी मागचे साथीदार ‘जी जी रं जी’ असा सूर लांबवतात. या साथीदारांना झीलकरी किंवा सुरत्ये म्हणतात. वरवर पाहता ही नुसती सजावट वाटते. पण ती काढून टाकून पोवाडा गाऊन पाहा. पाच मिनिटांत शाहिराचा दम संपेल. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी मिळून खुंटा ओढतात, एक ओवी म्हणते तेव्हा दुसरी दम घेते, मग दुसरी म्हणते तेव्हा पहिली घेते, आणि त्यामुळे पायलीभर दळण कधी संपलं ते कळत नाही. झील तेच काम करते. झीलकरी सूर धरतात तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, समोरच्या गर्दीचा चेहरा वाचतो आणि वाटल्यास ओळच बदलतो. अमर शेखांच्या कानावर गाण्याचा पहिला संस्कार आईच्या ओव्यांचा झाला होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

पण झील याहून मोठं काम करते. ‘जी जी रं जी’ म्हणायला काही शिकावं लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चौकाला, म्हणजे पोवाड्याच्या कडव्याला, समोर बसलेली माणसंही ती धरू लागतात. विचार करा, काय घडलं? तोवर जो नुसता ऐकत होता, तो गाण्याचा भाग झाला. शाहीर म्हणतो ती गोष्ट आता त्याच्या संमतीने पुढे सरकते आहे. प्रत्येक ओळीनंतर हजार माणसं एका सुरात होकार देत आहेत. भाषणाला टाळ्या मिळतात, त्या शेवटी. पोवाड्याला होकार मिळतो, तो ओळीओळीला. राजकीय सभेत वक्ता आणि श्रोता यांच्यात जे अंतर असतं, ते या दोन-चार अक्षरांच्या ध्रुवपदाने मिटवून टाकलं होतं, आणि तेही शेकडो वर्षांपूर्वी.

होय, शेकडो वर्षांपूर्वी. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला, १६५९ च्या घटनेवरचा. म्हणजे ताजी घटना घ्यायची, तिची गोष्ट करायची आणि चौकात उभं राहून सांगायची, ही रीत मराठीत साडेतीनशे वर्षांहून जुनी. अण्णा भाऊंनी राजाच्या जागी गिरणी कामगार बसवला. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, पोवाडा तयार. बंगालमध्ये दुष्काळानं लाखो माणसं मेली, ‘बंगालची हाक’ तयार. फाळणीच्या दंगली पेटल्या, पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर पोवाडा तयार. लेबर कॅम्पातल्या मच्छरांवरही त्यांनी पोवाडा रचला होता, असं सांगतात. मच्छरांपासून स्टालिनग्राडपर्यंत! ज्याला आपल्या झोपडीतल्या मच्छरावर पोवाडा करावासा वाटतो, त्याच्या लेखी कुठलाच विषय क्षुद्र नसतो आणि कुठलाच परका नसतो.

तिसरा भाग, चाल. गाणं कागदाशिवाय टिकवायचं असेल तर त्याला चालीचा आधार लागतो. शाहीर काय करतात? लोकांच्या ओठांवर आधीच बसलेली चाल उचलतात. लावणीची, भजनाची, गवळणीची, पुढे सिनेमाचीही. म्हणजे अर्धं गाणं श्रोत्याला आधीच पाठ असतं, नवे असतात ते फक्त शब्द. शिवाय ओळ दोनदा गायची, ध्रुवपदावर पुन्हा पुन्हा यायचं. गर्दीत एखाद्याचं पोर रडलं आणि एक ओळ निसटली, तरी ती परत येणारच आहे. मधेच शाहीर गाणं थांबवून बोलू लागतो, मग कटावाच्या झपाट्यात एका दमात वीस गोष्टी मोजून दाखवतो आणि पुन्हा सुरावर येतो. कान थकण्याआधी रीत बदलते. श्रोत्याच्या स्मरणशक्तीचा आणि लक्षाचा इतका बारीक अभ्यास कुठल्या विद्यापीठात झाला असेल? इथे तो पिढ्यानपिढ्या मैदानात झाला.

चौथा भाग म्हणजे सगळ्यांत धाडसी. या मंडळींनी तमाशा हाती घेतला.

तमाशाचा साचा ठरलेला. आधी गण, म्हणजे गणपतीचं नमन. मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी. मग बतावणी, थापा आणि कोपरखळ्यांची जुगलबंदी. आणि शेवटी वग, म्हणजे प्रत्यक्ष नाट्य. वगाची गोष्ट ठरलेली असते, संवाद मात्र नट उभ्याउभ्या रचतात. सोंगाड्या त्यात त्या गावची, त्या दिवशीची बातमी घुसवतो. अण्णा भाऊ या जगात वाढले होते. त्यांच्या नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता.

मग त्यांनी काय केलं? साचा तसाच ठेवला आणि आतला ऐवज बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आलं. गवळण गळाली. सोंगाड्या मात्र राहिला, कारण तोच या साच्याचा प्राण. राजाला ‘महाराज, तुमचं धोतर सुटलंय’ असं तोंडावर सांगण्याची मुभा फक्त त्यालाच असते. आता त्याच्या समोर राजाऐवजी सावकार उभा राहिला, काळाबाजारवाला उभा राहिला, मंत्री उभा राहिला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘मुंबई कोणाची?’ ही या लोकनाट्यांची नावंच पाहा. नाव वाचताच कुणाची खोड मोडली जाणार ते कळतं. आणि पाहायला आलेल्याला काही नवं शिकावं लागत नाही. हसायचं कुठे आणि कान टवकारायचे कुठे, हे त्याला जत्रेतच समजलेलं असतं.

पण थांबा. ही युक्ती याच मंडळींना सुचली का? इथे गोष्ट आणखी मागे जाते आणि आणखी थक्क करते.

१८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात एक जोशी गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेत शिकायला निघतं. आणि या सगळ्यात मधेमधे एक विदूषक येऊन प्रेक्षकांना खरं काय चाललंय ते सांगतो. सोंगाड्याचा हा भाऊच! १८६९ मध्ये फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्यातून पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. ओतूरच्या भीमराव महामुनींचं नाव या जलशांच्या आरंभाशी जोडलेलं आहे. तमाशाचाच घाट, पण विषय भटभिक्षुकीचा, सावकारीचा, मुलींच्या शिक्षणाचा. पुढे सातारा-कोल्हापूरकडे हे जलसे गावोगाव फिरले.

त्या वाटेवरून पुढे आंबेडकरी जलसा आला. नाशिक भागातल्या भीमराव कर्डकांचा जलसा प्रसिद्ध होता. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा सारखा, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार आजही मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो चालू असतानाच त्या परिसरात जलसे त्या लढ्याचा अर्थ घरोघरी नेत होते. माणूस मंदिराच्या दाराशी का उभा आहे, हे समजावणारं साधन होतं एक डफ आणि चार गळे.

आणि याच परंपरेत वामनदादा कर्डक उभे राहिले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत कष्टाची कामं करत होता. एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि अक्षरओळख नसल्यामुळे त्यांना ते वाचता आलं नाही. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. मोठ्या वयात ते अक्षरं शिकले, दुकानांवरच्या पाट्या वाचून जोडाक्षरं गिरवली. आणि मग? मग त्यांनी हजारो गीतं लिहिली. बाबासाहेबांचं आयुष्य, संविधान, समता, भाकरी असं सगळं त्यात आलं. आज महाराष्ट्रात १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, तुम्ही कुठल्याही वस्तीत जा, तिथे वाजणाऱ्या गाण्यांत वामनदादा सापडतीलच. ज्याला पत्र वाचता येत नव्हतं, त्यानं अख्ख्या समाजाला शब्द दिले!

म्हणजे पाहा, १८५५ पासून एक धागा अखंड चालत आला आहे. प्रत्येक पिढीनं तोच डफ उचलला आणि आपला प्रश्न त्यावर वाजवला. ‘लाल बावटा’ची मंडळी या धाग्यावरचीच पुढची गाठ. आणि या गाठीतून काय घट्ट बांधलं जाऊ शकतं, ते १९५५ नंतर उभ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी पेटली होती. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, १५ माणसं गेली. पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभराच्या वर गेला. शिवाजी पार्कपासून गावच्या बाजारपेठेपर्यंत सभा होऊ लागल्या. व्यासपीठावर आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार ठाकरे. आणि त्यांच्या आधी, त्यांच्या मधे, त्यांच्या नंतर शाहीर. अमर शेखांचा तो पहाडी आवाज, अण्णा भाऊंचे शब्द, गवाणकरांची साथ, शाहीर आत्माराम पाटलांचे पोवाडे.

या काळातली अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, घ्या. मला ती मराठीतल्या अत्यंत हुशार रचनांपैकी एक वाटते. कशी ते पाहा. गाणं सुरू होतं ते निव्वळ विरहाचं. पोटासाठी मुंबईला आलेला एक गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं व्याकूळ झाला आहे. तिचं रूप, निघतानाची तिची समजूत काढणं, हातात पैसा नाही म्हणून होणारी तगमग. ऐकणारे कोण? गिरणगावातले कामगार. कोकणातून आणि घाटावरून आलेले, खानावळीत जेवणारे, एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीनं झोपणारे. ज्याची त्याची मैना खरोखरच गावाकडे. गाण्याच्या पहिल्या चौकातच प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापलं घर उभं राहतं.

आणि मग, कुठेही धक्का न देता, गाणं वळण घेतं. मुंबईची श्रीमंती आणि तिच्या पोटातलं दारिद्र्य दिसू लागतं. मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो. आणि शेवटी कळतं की ताटातूट झालेली मैना आता एकटी बायको राहिलेली नाही. बेळगाव, डांग, उंबरगाव हे दुरावलेले भाग म्हणजेही मैना. सीमाप्रश्न म्हणजे काय, भाषावार प्रांतरचना म्हणजे काय, हे ज्याला दहा अग्रलेख वाचून समजलं नसतं, त्याला ते एका क्षणात काळजात समजतं, कारण विरह म्हणजे काय ते त्याला आधीच ठाऊक असतं. राज्यघटनेच्या पानांवरचा प्रश्न माणसाच्या अंथरुणापर्यंत आणून पोचवणं ही किती मोठी करामत आहे! तीही लावणीच्या अंगानं, ज्या लावणीला सभ्य घरांत तेव्हा नाकं मुरडली जात.

अर्थात सत्तेला हे यंत्र कळत होतं, आणि चांगलंच कळत होतं. इंग्रजांनी १८७६ मध्येच नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा आणला होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, ‘लाल बावटा’च्या कार्यक्रमांवरही बंदी आली. पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालच्या नियमांनी प्रयोगाआधी संहिता तपासून घेणं आलं. इथे गंमत अशी की कायद्याला कागद लागतो आणि शाहिराकडे कागद नसतो. आजचा प्रयोग कालच्यासारखा नसतो. वगातला संवाद समोरच्या गर्दीकडे पाहून जन्माला येतो. मंजुरी द्यायची ती कशाला? ज्या तमाशावर बंदी होती, त्याचाच घाट ‘लोकनाट्य’ या नावानं पुन्हा मंचावर उभा राहिला आणि प्रतिष्ठितही झाला. १८७६ चा तो कायदा संसदेनं कधी रद्द केला ठाऊक आहे? २०१७ च्या रद्दीकरण विधेयकात. तब्बल १४१ वर्षं एका कायद्यानं नाटकावर पहारा दिला.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. राज्य मिळवून देण्यात शाहिरांचा वाटा किती, हे तराजूत तोलता येत नाही. पण एवढं पाहा. २०२३ मध्ये राज्य सरकारनं जे राज्यगीत स्वीकारलं, ते राजा बढे यांचं, श्रीनिवास खळे यांच्या संगीतातलं, आणि घराघरांत पोचलं ते शाहीर साबळे यांच्या आवाजातून. राज्याच्या गीताला आवाज शाहिराचा लाभावा, यात मला काहीच योगायोग वाटत नाही.

आणि हा घाट कुणा एका पक्षाच्या मालकीचा राहिला नाही, हेही नवलच. समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलानं आपलं कलापथक उभारलं. कवी वसंत बापट त्यात होते, पु. ल. देशपांडे यांनी त्याच्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिलं, आणि निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही नावं त्या कलापथकाच्या अंगणातून पुढे आली. मराठी सिनेमाला पुढे ज्यांनी हसवलं आणि घाबरवलं, त्यांचं शिक्षण असं राजकीय वगात झालं! शाहीर साबळे यांचं ‘आंधळं दळतंय’ मुंबईतल्या मराठी माणसाची व्यथा मांडत गाजलं. लाल, निळा, भगवा, कुठलाही झेंडा असो, डफ तोच. विचार बदलतात, त्यांना लोकांपर्यंत नेणारी वाट तीच राहते.

१९६९ साल मात्र फार क्रूर निघालं. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले, वयाची ४९ वर्षं पुरी होण्याच्या उंबरठ्यावर, हलाखीत. ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिणारा, रशियाचा प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिणारा हा लेखक कित्येक वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत जगला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. एका पथकाचे दोन आवाज दोन महिन्यांच्या आत थांबले. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा तो प्रदीर्घ संप सुरू झाला, ज्यानंतर गिरणगावच हळूहळू विझत गेलं. ज्या चाळींच्या चौकांत झील उठायची, तिथे आज मनोरे उभे आहेत.

मग ही गोष्ट इथे संपली का? मुळीच नाही. आव्हान नाट्य मंचाच्या विलास घोगरेंनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये गाणं जागं ठेवलं. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘बॉम्बे अवर सिटी’ या माहितीपटात त्यांचं गाणं आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, १० माणसं गेली, आणि त्या धक्क्यानं घोगरेंनी आपलं आयुष्य संपवलं. पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तिथून सुरू होतो आणि शाहिरांच्या पिढ्यांची गोष्ट सांगतो. संभाजी भगत आजही डफ घेऊन उभे राहतात. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकानं शिवाजी महाराज नेमके कुणाचे, हा प्रश्न लोकशाहिरीच्या घाटात विचारला आणि गर्दी खेचली. पुण्यात २००२ मध्ये तरुण मुलामुलींनी कबीर कला मंच काढला, आणि जिथे पूर्वी बाईचं सोंगही पुरुष घेत, तिथे मुली पुढे उभ्या राहून गाऊ लागल्या. या मंचातल्या काहींवर पुढे कठोर कायद्याखाली खटले भरले गेले. २०१४ चा ‘कोर्ट’ सिनेमा तर उभाच आहे एका प्रश्नावर, की गाण्यासाठी माणसाला आरोपी करता येतं का? त्यातल्या वृद्ध शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे सरळ पाहता येईल. पोवाडा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, कारण डफ गलका चिरतो आणि पुढच्या रांगांनी धरलेली झील मागच्या रांगांपर्यंत आपोआप जाते. डोक्यात टिकला, कारण चाल आधीपासून ओळखीची होती आणि ध्रुवपद पुन्हा पुन्हा येत होतं. आणि लांबच्या लढाईची गोष्ट ऐकावीशी वाटली, कारण सांगणारा त्याच चाळीतला होता आणि त्यानं ती त्याच चाळीच्या भाषेत सांगितली. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही, परवाना लागत नाही, पदवी लागत नाही. दीड दिवसाची शाळाही पुरते. राजकीय कला म्हटलं की आपण आधी तिचा मजकूर तपासतो, कुठल्या बाजूची आहे ते विचारतो. पण या कलेचं सर्वांत खोल राजकारण तिच्या रचनेत आहे. ती एकट्यानं सादरच करता येत नाही. तिला समोरच्याचा होकार प्रत्येक ओळीला लागतो, आणि तो मिळाला नाही तर शाहिराला जागच्या जागी कळतं.

म्हणून आता तुम्हाला एक विनंती. तुमच्या गावात, पेठेत, वस्तीत कुठे जलसा असेल, शाहिरी मेळा असेल, एखाद्या कलापथकाचा प्रयोग असेल, तर मोबाइलच्या पडद्यावर न बघता प्रत्यक्ष जा. १४ एप्रिलला, १ मे ला आणि अण्णा भाऊंच्या जयंतीला, १ ऑगस्टला, असे कार्यक्रम ठिकठिकाणी होतात. पहिल्या चौकाला नुसतं ऐका. दुसऱ्याला शब्दांकडे लक्ष द्या, पटतात का ते ठरवा. पटले, तर तिसऱ्या चौकाला लाजू नका, झील धरा. तुमच्या आवाजाशिवाय तो पोवाडा पुरा होत नाही.